शाळा एक, वाटा तीन

मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, या प्रश्नापायी आपल्याकडे घरोघरी रात्री जागवल्या गेल्या आहेत. मराठी की इंग्रजी, जवळची की नावाजलेली, यावर आजी-आजोबांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचं मत असतं. अमेरिकेतल्या ज्यू घरांत हाच प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षं वेगळ्या रूपात चालू आहे. तिथली सार्वजनिक शाळा फुकट असते, पुष्कळ ठिकाणी ती चांगलीही असते. असं असताना काही आई-बाप चार-पाच वर्षांच्या मुलाला भरभक्कम फी देऊन ज्यू शाळेत घालतात. त्यातही काही जण आपल्या पंथाची शाळा सोडून अशी शाळा शोधतात, की जिथं सगळ्या पंथांची ज्यू मुलं एका बाकावर बसतील. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत असते. तिच्या शेजारणीला हा पेच पडला होता. तिनं मला फोनवर विचारलं, ‘सर, फुकटची चांगली शाळा सोडून हे लोक असं का करतात?’ त्या ‘का’चं उत्तर इतिहासात आहे, आणि ते मला दोन वाक्यांत देता येईना.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतल्या ज्यूंचे ढोबळमानाने तीन प्रवाह आहेत. ऑर्थोडॉक्स म्हणजे धर्मशास्त्राचे नियम काटेकोर पाळणारे. रिफॉर्म म्हणजे काळाप्रमाणे नियम बदलावेत, नीतितत्त्वं महत्त्वाची, असं मानणारे. या दोघांच्या मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह. नियम हवेत, पण ते इतिहासात घडत आले आहेत हेही लक्षात घ्या, असं ते म्हणतात. याशिवाय कुठल्याच प्रार्थनामंदिराची पायरी न चढणारे, तरीही स्वतःला ज्यू म्हणवणारे पुष्कळ आहेत. ‘डे स्कूल’ म्हणजे रोजची, पूर्ण वेळेची शाळा. गणित, इंग्रजी, विज्ञान आणि त्याच दिवसात हिब्रू, तोरा, प्रार्थना. ज्या डे स्कूलला कोणत्याही एका प्रवाहाची पाटी नसते आणि सगळ्यांना जागा असते, तिला तिकडे बहुप्रवाही किंवा समाजाची शाळा म्हणतात.

अशी शाळा ही अलीकडची कल्पना आहे. ज्यूंची स्वतःची शाळा मात्र फार जुनी. न्यूयॉर्कमधल्या शिअरिथ इस्रायल या सगळ्यांत जुन्या ज्यू मंडळीनं १७३१ साली शाळा काढली. सुरुवातीला तिथं हिब्रू शिकवत. पुढे त्यात लेखन आणि हिशेबही आले. तेव्हा सार्वजनिक शाळा नव्हत्याच. ज्यानं त्यानं आपापल्या देवळाच्या सावलीत मुलं शिकवायची, हीच रीत होती.

सार्वजनिक शाळा आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि त्या आल्या तेव्हा नावालाच सगळ्यांच्या होत्या. सकाळी प्रॉटेस्टंट पंथाचं बायबल वाचून वर्ग सुरू व्हायचा. फिलाडेल्फियात १८४४ साली यावरूनच दंगल पेटली. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, असं कॅथलिकांनी म्हटलं. त्याचा शेवट चर्च जाळण्यात आणि माणसं मरण्यात झाला. ज्यू या भांडणात कुठेच नव्हते. पण त्यांची मुलं त्याच वर्गांत बसत होती.

त्याच फिलाडेल्फियात रिबेका ग्रॅट्झ या बाईंनी १८३८ साली रविवारची हिब्रू शाळा काढली. मुलं आठवडाभर सार्वजनिक शाळेत जातील, रविवारी इथं धर्म शिकतील. पुस्तकं मिळेनात, तेव्हा ख्रिस्ती रविवार-शाळांची पुस्तकं आणली आणि जिथं ज्यूंना न पटणारा मजकूर होता तिथं कागद चिकटवले. मला ही हकीकत फार बोलकी वाटते. मुलांना काय द्यायचं याच्या आधी काय झाकायचं हे ठरलं. (अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या आपल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना ग्रॅट्झबाईंची धडपड लगेच कळेल. आठवड्यातून दोन तास मिळतात, आणि त्यातला पाऊण तास मुलांना जागेवर बसवण्यात जातो.)

१८४० आणि ५० च्या दशकांत जर्मनीतून आलेल्या ज्यूंनी अनेक शहरांत पूर्ण वेळेच्या शाळा काढल्या. सिनसिनाटीतली ‘तालमूद येलोदिम’ ही त्यांतली नावाजलेली. तिचं काम रब्बी आयझॅक मेयर वाइज यांनी पाहिलं. पण १८७० च्या आसपास या शाळा एकेक करून बंद पडल्या. कारण सरळ होतं. सार्वजनिक शाळा सुधारल्या, त्यांच्यातला ख्रिस्ती रंग फिका होऊ लागला आणि फी भरण्याचं कारण उरलं नाही. याच सिनसिनाटीत १८६९ साली शाळा मंडळानं वर्गातलं बायबलवाचन बंद केलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८७२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं मंडळाची बाजू उचलून धरली. वाइज मंडळाच्या बाजूचे. म्हणजे ज्यांनी ज्यू शाळा चालवली, तेच आता म्हणत होते की शाळा सगळ्यांची असू दे, धर्म घरी आणि देवळात शिकवू.

पुढची पन्नास-साठ वर्षं हाच विचार प्रमाण मानला गेला. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. रशियात त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत मोजक्या जागा असायच्या. इथं मुलगा असो की मुलगी, दार उघडं. मेरी अँटिन या पोलोत्स्कहून १८९४ साली बोस्टनला आलेल्या मुलीनं पुढे १९१२ मध्ये आपलं आत्मचरित्र लिहिलं. बापानं मुलांना पहिल्या दिवशी शाळेत नेऊन पोचवलं त्याचं वर्णन त्यात आहे. त्या बापाच्या लेखी तो दिवस एखाद्या संस्कारविधीपेक्षा कमी नव्हता. धर्मशिक्षण दुपारनंतर ‘हेदेर’मध्ये, म्हणजे बहुधा एखाद्या कोंदट खोलीत, पट्टी हातात घेतलेल्या मास्तरांपुढे.

सार्वजनिक शाळेवरचं हे प्रेम आंधळं मात्र नव्हतं. १९०६ च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या ज्यू पालकांनी शाळेतल्या ख्रिस्ती गाण्यांच्या आणि कार्यक्रमांच्या निषेधार्थ हजारो मुलं घरी ठेवली. मागणी एवढीच होती, की शाळा खरोखर सगळ्यांची असू द्या. वेगळी शाळा त्यांना नको होती. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षण कार्यालयाची सूत्रं सॅमसन बेंडर्ली यांच्याकडे आली. हे जन्माने सफेद गावचे, शिकले डॉक्टरकी आणि रमले शिक्षणात. त्यांचाही आग्रह होता की ज्यू मुलांना वेगळं काढू नका, दुपारच्या शाळा सुधारा.

एक गोष्ट इथं नोंदवायला हवी. ऑरेगॉन राज्यानं सगळ्या मुलांना सार्वजनिक शाळेत जाण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्याच्या पाठीराख्यांत कू क्लक्स क्लान होतं आणि रोख कॅथलिक शाळांवर होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२५ साली तो कायदा रद्द केला. या खटल्यात नन्सच्या शाळेच्या बाजूने न्यायालयात निवेदन देणाऱ्यांत ज्यू वकील लुई मार्शल होते. स्वतःची मुलं जिथं पाठवायची नाहीत, त्या शाळेच्या हक्कासाठी ज्यू उभे राहिले. पुढे त्यांच्या डे स्कूल उभ्या राहिल्या, त्या याच निकालाच्या पायावर.

आता थोडं आपल्याकडे वळतो. याच काळात मुंबईतल्या बेने इस्रायल घरांपुढेही शाळेचा प्रश्न होता, पण तो अगदी उलट्या बाजूनं. कोकणातले हे शनिवार तेली मराठी बोलणारे आणि आडनावाला गावाचं नाव लावणारे. मुंबईत आल्यावर त्यांच्या मुलांना शिकवलं ते मुख्यतः अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांना या लोकांना ख्रिस्ती करायचं होतं. झालं भलतंच. बेने इस्रायल मुलं मिशनच्या शाळेत आपलाच जुना करार शिकली, हिब्रू शिकली आणि अधिक पक्के ज्यू होऊन बाहेर पडली. धर्मांतर केलेले फारच थोडे. तरीही आपली मुलं आपल्याच शाळेत शिकावीत, ही इच्छा राहिलीच. हाइम सॅम्युएल केहिमकर (किहीमचे म्हणून केहिमकर) आणि त्यांच्या साथीदारांनी १८७५ मध्ये मुंबईत ‘इझ्रायलाइट स्कूल’ काढली. तिथं इतर विषयांबरोबर हिब्रूही होतं. पुढे बगदादी ज्यू घराण्यातले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली, आणि माझगावच्या त्या शाळेला त्यांचं नाव लागलं.

न्यूयॉर्कच्या ज्यूला सार्वजनिक शाळा म्हणजे घराबाहेर पडण्याचा रस्ता वाटत होता, आणि माझगावच्या ज्यूला स्वतःची शाळा म्हणजे घराला दार वाटत होतं. मुंबईत ‘सगळ्यांची’ अशी शाळा जवळपास नव्हतीच. जी होती ती कुठल्या ना कुठल्या मिशनची किंवा समाजाची. कवी निस्सिम इझिकेल (१९२४ ते २००४) हे मुंबईतल्या बेने इस्रायल घरातले. तेही कॅथलिक शाळेतच शिकले. कदूरी शाळेचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, आणि शाळा आसपासच्या इतर धर्मांच्या मुलांनी भरली.

परत अमेरिकेत. डे स्कूलचं वारं फिरलं ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये रब्बी जोसेफ लुकस्टीन यांची ‘रामाझ’ आणि बोस्टनमध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांची ‘मायमॉनिडीस’ या शाळा निघाल्या. दोन्ही ऑर्थोडॉक्स, पण आधुनिक विद्येला दार उघडं ठेवणाऱ्या. नंतर युरोपातल्या ज्यूंचा संहार झाला. जिथून विद्वान यायचे, जिथून परंपरा यायची, ती गावंच नाहीशी झाली. आता जे शिकवायचं ते इथंच, आणि रविवारच्या दोन तासांत ते होणार नाही, ही जाणीव १९४० च्या दशकात खोल गेली. १९४४ साली ‘तोरा उमेसोरा’ ही संस्था निघाली आणि तिनं गावोगाव ऑर्थोडॉक्स शाळा उभ्या केल्या. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात ‘अकिबा हिब्रू अकॅडमी’ सुरू झाली. सगळ्या प्रवाहांच्या मुलांसाठी समाजाने चालवलेली ही पहिली माध्यमिक शाळा. बायबलवरून दंगल झालेल्या शहरातच ती निघाली, हा योगायोग मला आवडतो. त्याहून जास्त अर्थ मी त्यात शोधत नाही. २००७ मध्ये या शाळेचं नाव बदललं, पण ती चालू आहे.

कॉन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाच्या शाळा १९५० नंतर आल्या. सॉलोमन शेख्टर या विद्वानाचं नाव त्यांना मिळालं. रिफॉर्म मंडळी सगळ्यांत शेवटी आली. त्यांची पहिली शाळा १९७० ची, आणि त्यांच्या मध्यवर्ती संघटनेनं डे स्कूलना मान्यता दिली ती १९८५ मध्ये. हा उशीर समजण्यासारखा होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक शाळांतली सरकारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा तक्रारदार पालकांत ज्यू होते आणि ज्यू संघटना त्यांच्या मागे होत्या. ज्या शाळेसाठी इतकं भांडलो तीच सोडून जायचं, हे मनाला पटेना.

यात एक अवघड भागही आहे, तो टाळून चालणार नाही. १९५४ च्या निकालानं काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात काळ्या पालकांचं शाळा मंडळ आणि बहुसंख्येनं ज्यू असलेली शिक्षक संघटना यांच्यात मोठा संप पेटला. पुढे बसने मुलं दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेण्याचे आदेश निघाले. या वर्षांत ज्यू डे स्कूलच्या संख्येत वाढ झाली. सगळेच पालक तोरासाठी आले होते, असं मी म्हणणार नाही. काहींना नको होता तो शेजार टाळायचा होता. समाजाची शाळा आणि समाजाचं कुंपण यांतला फरक दर पिढीनं नव्यानं तपासायचा असतो, तो यासाठी.

बहुप्रवाही शाळांना खरा बहर आला तो १९८० नंतर. न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली निघालेली हेशेल शाळा हे त्याचं ठळक उदाहरण. अब्राहम जोशुआ हेशेल वॉर्सातल्या हसिदी घराण्यात जन्मले, अमेरिकेत आधी रिफॉर्म महाविद्यालयात शिकवलं, मग कॉन्झर्व्हेटिव्ह विद्यापीठात. १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालले. तीन प्रवाहांतून गेलेल्या माणसाचं नाव सगळ्या प्रवाहांच्या शाळेला देणं साजेसंच होतं. नंतर १९९० ची ज्यू लोकसंख्येची पाहणी आली. १९८५ नंतर लग्न केलेल्या ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी ज्यूंच्या बाहेर लग्न केलं, असा आकडा जाहीर झाला. पुढे अभ्यासकांनी तो ४३ पर्यंत खाली आणला, पण मोठा आकडाच लोकांच्या मनात रुतून बसला. देणगीदार जागे झाले, शाळा निघाल्या.

आता शाळेच्या आत जाऊ. बालवर्गात फार गुंतागुंत नसते. शुक्रवारी मेणबत्त्या, हल्ला नावाचा विणलेला पाव, गाणी. हिब्रू अक्षरावर मधाचं बोट लावून चाटायला द्यायचं, ही जुनी गोड प्रथा. अडचण सुरू होते ती डब्यापासून. स्वयंपाकघर कोणत्या नियमाने चालवायचं? याचं उत्तर बहुतेक शाळांनी एकच दिलं आहे: सगळ्यांत काटेकोर कुटुंबाला जेवता येईल असं. जो कमी पाळतो त्याला कोशर जेवण चालतं. जो पाळतो त्याला दुसरं चालत नाही. म्हणजे ताटाच्या बाबतीत कडक माणूस जिंकतो. प्रार्थनेत तसं करता येत नाही. मुलगे आणि मुली एकत्र की वेगळे, मुलीनं तोरा वाचायची की नाही, यावर मधला मार्ग निघत नाही. म्हणून मोठ्या वर्गांत पुष्कळ शाळा एकाच वेळी दोन-तीन प्रार्थना ठेवतात, आणि मुलं आपापल्या खोलीत जातात. किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी टोपी, कुठे सगळ्यांना, कुठे फक्त तोरा शिकताना, कुठे इच्छेवर.

सगळ्यांत नाजूक प्रश्न प्रवेशाचा. आई ज्यू तर मूल ज्यू, हा जुना नियम. रिफॉर्म रब्बींनी १९८३ मध्ये ठरवलं की बाप ज्यू असला आणि मूल ज्यू म्हणून वाढलं तरी ते ज्यू. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांना हे मान्य नाही. मग बहुप्रवाही शाळेनं काय करायचं? बहुतेक ठिकाणी मुलाला घेतात आणि निवाडा शाळा करत नाही. पण त्या मुलानं पुढे वर्गातल्याच मुलीशी लग्न करायचं ठरवलं तर तिचा रब्बी काय म्हणेल, ते शाळेच्या हातात नसतं. आपल्या बेने इस्रायलांना या प्रश्नाची धग माहीत आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठानं त्यांची लग्नं लावण्यापूर्वी वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. अलिबाग-पेणकडून गेलेल्या या माणसांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून ते पूर्ण ज्यू असल्याचं सांगावं लागलं.

शेजारणीनं माझ्या विद्यार्थिनीला एक गोष्ट बोलून दाखवली होती, ती मला फोनवर कळली. मुलगी घरी येऊन विचारते, ‘समुद्र खरंच दुभंगला होता का?’ ऑर्थोडॉक्स शाळेत बाई म्हणतील, हो. रिफॉर्म शाळेत बाई गोष्टीचा अर्थ सांगतील. बहुप्रवाही शाळेतल्या बाई विचारतात, तुझ्या घरी काय म्हणतात? पाच वर्षांच्या मुलाला हे पेलतं का, यावर शिक्षकांतही दोन तट आहेत. आधी एका घरची भाषा पक्की होऊ द्या, मग दुसरी शिकवा, असं काही म्हणतात. मातृभाषेच्या वादात आपण हे पुष्कळ ऐकलं आहे. मला स्वतःला वाटतं, मुलं यानं गोंधळत नाहीत. गोंधळतात ते आई-बाप, कारण ‘आपल्या घरी काय म्हणतात’ हे त्यांनी कधी ठरवलेलंच नसतं. ही शाळा निवडायची तर आधी घरात बोलावं लागतं, आणि पुष्कळांची गाडी तिथंच अडते. शाळा बघायला जाणाऱ्यानं माहितीपत्रकातला ‘बहुप्रवाही’ हा शब्द वाचून थांबू नये. तिथं शिकवणारे कोण कोण आहेत, ते पाहावं. सगळे शिक्षक एकाच विचाराचे असतील तर ती शाळा एकाच प्रवाहाची, पाटी काही असो. शिवाय ऑर्थोडॉक्स कुटुंबांना स्वतःच्या शाळा असल्यामुळे ती इथं थोडीच येतात, हेही खरं आहे.

आकडे तेच सांगतात. २०१३-१४ च्या गणनेत अमेरिकेतल्या सुमारे ८६० ज्यू डे स्कूलमध्ये अडीच लाखांहून थोडी अधिक मुलं होती. त्यांतली दर शंभरातली ८५ हून अधिक ऑर्थोडॉक्स शाळांत. समाजाच्या बहुप्रवाही शाळांत साधारण २० हजार. शेख्टर शाळांत १९९८ मध्ये १७ हजारांवर मुलं होती, ती १५ वर्षांत १० हजारांच्या खाली आली. मधल्या काळात २००८ ची मंदी येऊन गेली होती, आणि फी मोठ्या शहरांत वर्षाला कित्येक हजार डॉलर. दोन मुलं असली की घराचा हप्ता आणि शाळेचा हप्ता यांत निवड करावी लागते. मदत मागायची तर आपला प्राप्तिकर-हिशेब शाळेच्या समितीपुढे ठेवावा लागतो, आणि समितीत शेजारीच बसलेले असतात. २०१६ मध्ये वेगवेगळ्या प्रवाहांच्या शाळांच्या संघटना ‘प्रिझमा’ या एकाच संस्थेत विलीन झाल्या, त्यात विचाराइतकाच पैशाचाही भाग होता. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर अनेक शाळांकडे नव्या पालकांच्या चौकशा वाढल्या. त्यांतले काही सार्वजनिक शाळांतून भीतीने आलेले होते.

त्या शेजारणीनं शेवटी बहुप्रवाही शाळा निवडली. पण अशा पुष्कळ शाळा आठवीपर्यंतच असतात. पुढच्या बहुप्रवाही शाळा मोजक्या, आणि बहुधा दूरच्या शहरात. तेव्हा आठवीच्या वर्षी तेच आई-बाप पुन्हा फॉर्म घेऊन बसतात. फरक इतकाच की या वेळी मुलीलाही मत असतं, आणि ते बहुतेक वेळा रस्त्यापलीकडच्या फुकटच्या शाळेच्या बाजूने असतं.